कॉम्प्युटर सुरू होताना कोसळतोय? आधी फायली बाहेर काढा, मग दुरुस्तीला हात घाला

जांबोटीहून मावशीचा फोन आला तेव्हा पावसाला नुकती सुरुवात झाली होती. "अरे, कॉम्प्युटर चालूच होईना झालाय बघ. निळं काहीतरी येतंय, बंद पडतोय, परत आपोआप सुरू होतोय. शेजारचा पोरगा म्हणतोय रिसेट मारूया. मारू दे काय?"

मी तिला आधी एवढंच विचारलं, "मावशी, त्यात काय काय आहे?"

काकांचे फोटो होते. काका जाऊन तीन वर्षं झाली. शेताच्या पहाणी उताऱ्यांचे स्कॅन होते, धाकट्याची कॉलेजची कामं होती. दुसरीकडे कुठेही प्रत नव्हती. "मग कुणालाही हात लावू देऊ नकोस. वायर काढून ठेव. रविवारी मी येतो."

बेळगावच्या शहापुरात मी डीटीपीचं काम करतो आणि ओळखीपाळखीतल्यांचे कॉम्प्युटर बघून देतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट मला वारंवार दिसली आहे. बिघाडामुळे फायली क्वचित जातात. त्या जातात घाईने केलेल्या दुरुस्तीत. विंडोज कोसळलं तरी तुमचे फोटो आणि हिशेब डिस्कवर बहुधा जागच्या जागी असतात. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर असेच सुरू होता होता निळे पडत होते. उपाय होता सेफ मोडमध्ये (म्हणजे फक्त अत्यावश्यक गोष्टींवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) जाऊन एक फाईल काढून टाकण्याचा. लोकांच्या फायलींना धक्काही लागला नव्हता. म्हणून या लेखातल्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका: आधी निदान, मग फायली बाहेर, आणि त्यानंतरच दुरुस्ती.

नेमकं कुठे अडतंय ते बघा

बटण दाबा आणि कान देऊन ऐका. डिस्कमधून ठरावीक अंतराने टक्‌ टक्‌ किंवा खरखर आवाज आला तर लगेच बंद करा आणि पुन्हा सुरू करून बघू नका. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारं टोक तबकडीच्या अगदी जवळ तरंगत असतं. ते बिघडलेलं असलं तर प्रत्येक वेळी सुरू करताना तबकडीवर ओरखडे वाढण्याचा धोका असतो. अशी डिस्क घरी उघडायची नसते, फ्रीजरमध्येही ठेवायची नसते. आतलं खरंच मोलाचं असेल तर ती डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्यायची. तिथे खर्च मोठा येतो, पण आधी कुणी खटाटोप केलेला नसेल तर मिळण्याची आशा जास्त असते.

आवाज नसेल तर पुढे बघा. काहीच पेटत नाही, पंखाही फिरत नाही, म्हणजे दोष बहुधा विजेच्या बाजूला आहे: सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड, वायर किंवा एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा). पंखा फिरतो पण स्क्रीन काळी राहते किंवा पी पी असे आवाज येतात, तर बहुतेक वेळा रॅम (चालू कामापुरती माहिती धरून ठेवणारी पट्टी). कंपनीचं चिन्ह येऊन मग "नो बूटेबल डिव्हाइस" असं काही दिसलं तर डिस्कची केबल, बायॉसची (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग किंवा डिस्क स्वतः. विंडोजचे गोल फिरणारे ठिपके येऊन मग निळी स्क्रीन आली तर ड्रायव्हर (कॉम्प्युटरचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम), अपडेट, खराब झालेली फाईल सिस्टिम (डिस्कवर फायली कुठे आहेत याची मांडणी) किंवा रॅम. पासवर्ड टाकेपर्यंत सगळं ठीक आणि मग गोठत असेल तर सुरुवातीला आपोआप चालू होणारा एखादा प्रोग्राम, नाहीतर थकत चाललेली डिस्क.

निळ्या स्क्रीनवर "स्टॉप कोड" लिहिलेला असतो. मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा. "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणजे विंडोजला स्वतःचीच डिस्क दिसेना झाली आहे. "मेमरी मॅनेजमेंट" आलं तर रॅमवर संशय घ्यायचा, "एनटीएफएस फाइल सिस्टिम" आलं तर डिस्कवर. कोड हा फक्त पुरावा असतो. त्यावरून लगेच निकाल लावू नका.

फायली म्हणजे फक्त फोटो नव्हेत

बाहेर काढण्याआधी काय काय काढायचं याची कागदावर यादी करा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे सगळ्यांना आठवतं. विंडोजमध्ये हे सगळं "युझर्स" फोल्डरच्या आत तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतं. दुकानदारांनी टॅली विसरू नये. त्याचा डेटा बऱ्याचदा "युझर्स"मधल्याच "पब्लिक" फोल्डरमध्ये असतो, आणि नाव तुमचं नसल्यामुळे तो हमखास मागे राहतो. डी आणि ई ड्राइव्हही उघडून बघा.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. बेळगाव, खानापूर, निपाणीत लग्नपत्रिका, हँडबिलं, संस्थांचे अहवाल मराठी आणि कन्नड दोन्हींत होतात. जुन्या फायली श्रीलिपी, कृतिदेव, नुडी अशा युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये केलेल्या असतात. फाईल बचावली आणि फाँट गेला, तर पंधरा वर्षांच्या पत्रिका उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. म्हणून "विंडोज" फोल्डरच्या आतलं "फाँट्स" फोल्डर संपूर्ण उचलून घ्या. फाँट फार जागा घेत नाहीत, पण ते गेले तर नंतर नेमका तोच फाँट, तोच जुना प्रकार शोधत बसावं लागतं. एका मंडळाचा जुना स्मरणिकेचा मजकूर मी केवळ असं फोल्डर कुणीतरी सांभाळून ठेवल्यामुळे वाचू शकलो होतो.

फायली बाहेर काढण्याचे तीन रस्ते

पहिला रस्ता नोटपॅडचा. त्याला दुसरा कॉम्प्युटर लागत नाही, फक्त पुरेशी जागा असलेला पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क लागते. विंडोज १० किंवा ११ सुरू होताना ठिपके फिरू लागले की पॉवरचं बटण दाबून धरून बंद करायचं. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या निळ्या मेनूत जातं. कोसळणारा कॉम्प्युटर बऱ्याचदा आपणहूनच तिथे पोचलेला असतो. (टकटकणाऱ्या डिस्कवर हा प्रयोग करायचा नाही.) तिथे "ट्रबलशूट", मग "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स", मग "कमांड प्रॉम्प्ट" निवडा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात नोटपॅड हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा.

आता नोटपॅडमध्ये "फाइल" आणि मग "ओपन". खाली जिथे "टेक्स्ट डॉक्युमेंट्स" लिहिलेलं असतं तिथे "ऑल फाइल्स" करा, नाहीतर फोटो दिसणारच नाहीत. डावीकडे "धिस पीसी" उघडलं की सगळे ड्राइव्ह दिसतात. घाबरू नका, इथे अक्षरं बदललेली असू शकतात. तुमचा नेहमीचा सी इथे डी म्हणून दिसेल. ज्यात "युझर्स" फोल्डर आणि त्यात तुमचं नाव आहे तो तुमचा. हवं ते फोल्डर निवडून राइट क्लिक, "कॉपी". मग पेनड्राइव्हवर जाऊन रिकाम्या जागेत राइट क्लिक, "पेस्ट". कॉपी होताना हिरवी पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. तिथेच लोक धीर सोडून बटण दाबतात. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे असं समजा, चहा घेऊन या. एकदम सगळं न उचलता एकेक फोल्डर घ्या. आणि "कट" कधीही नाही, नेहमी "कॉपी".

दुसरा रस्ता लिनक्सच्या पेनड्राइव्हचा, आणि मला स्वतःला तोच सर्वांत भरवशाचा वाटतो. शेजाऱ्यांच्या किंवा ऑफिसच्या चालू कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू फुकट डाउनलोड करा. रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने ते ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवा. त्या पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी तो तपासा. मग तो आजारी कॉम्प्युटरला लावून बूट मेनूचं बटण दाबत सुरू करा. डेल आणि लेनोवोवर ते बहुधा एफ१२ असतं, एचपीवर एफ९. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालतं, तुमच्या डिस्कला हात लावत नाही. एकच खबरदारी घ्यायची: "इन्स्टॉल" हे चिन्ह दाबायचं नाही.

आता फायलींची खिडकी उघडून तुमची डिस्क निवडा. विंडोज नीट बंद झालेलं नसेल किंवा "फास्ट स्टार्टअप" चालू असेल तर लिनक्स ती डिस्क बऱ्याचदा फक्त वाचण्यापुरती उघडतं. ते आपल्या फायद्याचंच आहे, कारण चुकूनसुद्धा काही पुसलं जात नाही. मोठी व्हिडिओ फाईल कॉपी होईना झाली तर पेनड्राइव्हचा फॉरमॅट बघा. फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर बसतच नाही, एक्सफॅट हवा. लिनक्समधल्या "डिस्क्स" या प्रोग्राममध्ये डिस्कची "स्मार्ट" माहितीही, म्हणजे तिच्या तब्येतीची नोंद, दिसते. त्यात "रिअलोकेटेड" किंवा "पेंडिंग" सेक्टरांची (डिस्कच्या बिघडलेल्या किंवा संशयित तुकड्यांची) संख्या शून्याच्या वर असून वाढत असेल तर ती डिस्क निवृत्तीला आली आहे. अशा वेळी सर्वांत मोलाचं फोल्डर सर्वांत आधी उचला. मावशीकडे मी काकांचे फोटो पहिल्यांदा घेतले आणि मग बाकीचं. वाचताना डिस्क वारंवार अडखळत असेल तर नुसती कॉपी करत राहू नका. डीडीरेस्क्यू हा लिनक्सवरचा प्रोग्राम आधी वाचता येणारा भाग उचलून घेतो आणि अवघड तुकड्यांकडे नंतर वळतो. तो वापरताना कोणती डिस्क मूळ आणि कोणती रिकामी हे उलटं झालं तर सगळं जातं, म्हणून आधी कधी केलं नसेल तर जाणकार शेजारी बसवूनच करा.

तिसरा रस्ता डिस्कच काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडण्याचा. साटा (डिस्कची आतली जोडणी) ते युएसबी असा जोड बाजारात मिळतो. लॅपटॉपची लहान अडीच इंची डिस्क युएसबीच्या विजेवर चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला मात्र वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेलाच जोड लागतो. जोडल्यावर दुसरा कॉम्प्युटर "डिस्क फॉरमॅट करायची का" असं विचारू शकतो. उत्तर नेहमी "नाही".

नव्या लॅपटॉपवाल्यांनी इथे थांबून एक गोष्ट बघावी. अलीकडच्या अनेक लॅपटॉपवर, होम आवृत्ती असली तरी, मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. मग वरचे तिन्ही रस्ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतात. ती बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाईलवरून खातं उघडून "डिव्हाइसेस"मध्ये शोधा आणि वहीत लिहून घ्या. ती हातात येईपर्यंत बायॉसमधली कुठलीही सेटिंग बदलू नका.

कॉपी झाली म्हणजे काम झालं असं नाही. पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावा. पाच-दहा फोटो, दोन पीडीएफ, एखादी पत्रिका प्रत्यक्ष उघडून बघा, टॅलीची कंपनी उघडते का बघा. मूळ आणि प्रत यांच्या "प्रॉपर्टीज"मधली फायलींची संख्या ताडून बघा. मगच पुढे.

आता दुरुस्ती

यापुढे चूक झाली तरी रडायची वेळ येणार नाही. हलक्या उपायापासून जड उपायाकडे जायचं.

प्रिंटर, पेनड्राइव्ह, सगळ्या जादा युएसबी वस्तू काढून सुरू करून बघा. नाही जमलं तर त्याच निळ्या मेनूत "स्टार्टअप रिपेअर" चालवा. काल-परवा अपडेट आलं होतं का आठवा. आलं असेल तर "अनइन्स्टॉल अपडेट्स". त्यानंतर "सिस्टिम रिस्टोअर": हे तुमच्या फायलींना हात लावत नाही, फक्त त्या तारखेनंतर घातलेले प्रोग्राम आणि ड्रायव्हर काढतं. "स्टार्टअप सेटिंग्ज"मधून ४ दाबून सेफ मोडमध्ये गेलात आणि तिथे कॉम्प्युटर व्यवस्थित चालला, तर दोष जवळजवळ नक्की एखाद्या ड्रायव्हरचा किंवा प्रोग्रामचा. शेवटी घातलेला काढा.

फाईल सिस्टिमवर संशय असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा. मी फोनवर अक्षरं अशी सांगतो: सी, एच, के, डी, एस, के, एक जागा सोडून ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन, पुन्हा जागा सोडून तिरकी रेघ आणि एफ. एफच्या जागी आर लिहिलं तर तो डिस्कचा कानाकोपरा तपासतो, त्याला कित्येक तास लागतात आणि थकलेल्या डिस्कला तो ताण सोसत नाही. फायली बाहेर काढण्याआधी चेकडिस्क चालवू नका असं मी अगदी आग्रहाने सांगतो, कारण तो फाईल सिस्टिम सुसंगत करण्यासाठी तुटक्या फायली तोडूनही टाकतो.

"रिसेट धिस पीसी" सर्वांत शेवटी. "कीप माय फाइल्स" निवडलं तरी तुम्ही घातलेले प्रोग्राम जातात. टॅली, श्रीलिपी, कोरल पुन्हा घालण्यासाठी लागणारे परवाने आणि सीडी हाताशी आहेत का ते आधी बघा. विंडोज १० वापरत असाल तर हेही लक्षात घ्या की त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नव्याने घालायचंच असेल तर कॉम्प्युटर झेपवत असेल तर विंडोज ११ किंवा सरळ लिनक्स मिंट.

आपला पाऊस, आपली वीज

सॉफ्टवेअरमध्ये काहीच सापडलं नाही तर कॅबिनेट उघडा. खानापूर, कणकुंबी, जांबोटीकडे चार महिने हवा ओली असते. आठवड्यातून एकदा लावल्या जाणाऱ्या कॉम्प्युटरच्या रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळसर थर चढतो. वायर काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिरविद्युत घालवा. रॅम काढून पट्ट्या साध्या पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कण झटका, दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. साटा केबल काढून पुन्हा घट्ट बसवा. मदरबोर्डवर फुगलेली कपॅसिटरं, उंदराने कुरतडलेली वायर, मेलेली पाल हे सगळं मी पाहिलं आहे. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः उघडू नका, आत वायर काढल्यावरही धक्का बसण्याइतकी वीज राहते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराचं अर्थिंग नीट नाही, आणि जुन्या कौलारू घरांत हे फार आढळतं. ते इलेक्ट्रिशियनकडून आधी करून घ्या.

मावशीच्या कॉम्प्युटरचं दुखणं अगदी क्षुल्लक निघालं. बायॉसमधलं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं होतं, म्हणजे मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपला होता. लाईट जाऊन आल्यावर सेटिंग मूळपदावर गेली, "साटा मोड", म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, एएचसीआयवरून बदलला आणि विंडोजला डिस्क दिसेना झाली. नवा सेल घातला, मोड पूर्ववत केला, विंडोज दोन मिनिटांत उभं राहिलं. रिसेट मारलं असतं तर या एका नाण्याएवढ्या सेलपायी सगळं पणाला लागलं असतं. तुम्ही बायॉसमध्ये गेलात तर काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा.

एप्रिल-मेमध्ये वळवाचा गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा, आणि राउटरकडून येणारी केबलही काढा. वीज त्या वाटेनेही आत येते. डेस्कटॉपला छोटा यूपीएस लावा, पाच-दहा मिनिटं मिळाली तरी नीट बंद करता येतं. फायलींच्या दोन प्रती ठेवा: एक घरात, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे. मावशीची दुसरी प्रत आता कोल्हापूरच्या आत्याच्या कपाटात आहे.

आणि कॉम्प्युटर दुकानातच द्यावा लागला तर? माझ्या चुलतभावाचा अकरा वर्षांचा फोटोंचा साठा एका दुकानात न विचारता फॉरमॅट झाला. नवी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर चालणारी डिस्क) असेल तर असं पुसलेलं परत मिळणं जवळजवळ अशक्य असतं, कारण ती मोकळ्या झालेल्या जागा स्वतःच साफ करून टाकते. म्हणून शक्य असेल तर डिस्क काढून घरी ठेवा आणि बाकीचं यंत्र द्या. डिस्कसकट द्यावा लागला तर पावतीवर लिहून घ्या, आणि कॅबिनेटवरही ठळक अक्षरांत कागद चिकटवा. दुकानात बाकावर बसणारा कारागीर कोणती भाषा वाचतो ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून मी दोन ओळी लिहितो. वर "फॉरमॅट करू नये", आणि खाली कन्नड लिपीत "फॉरमॅट माडबेडी".